धुळ्याचं नळकांडं

ज्याच्या नावाने समन्स निघतं तो बिचारा आणि जो काढतो तो भारी, अशी आमच्या गल्लीत समजूत आहे. मीही त्याच समजुतीत होतो. मी काढलेल्या समन्सावरून धुळ्याहून एक सरकारी नळकांडं जळगावला आलं आणि आमच्या घरी मुक्कामाला राहिलं. ते जेवलं नाही एवढंच. त्याच्याबरोबर आलेला माणूस मात्र पोटभर जेवला.

मी जळगावच्या एका हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवतो. देश नुकताच प्रजासत्ताक झालेला असल्यामुळे तेव्हा या विषयाला भाव होता. गणिताचे मास्तरसुद्धा माझ्याशी अदबीने बोलत. 'अन्याय झाल्यास नागरिकाने न्यायालयात दाद मागावी' हे वाक्य मी दर वर्षी फळ्यावर लिहायचो आणि पोरं ते वहीत उतरवून घ्यायची. त्याचा उपयोग मलाच करावा लागेल असं कधी वाटलं नव्हतं. हल्ली तो धडा आला की मी मुलांना तो मनातल्या मनात वाचायला सांगतो.

अन्याय असा होता. आमच्या स्वयंपाकघराला एकच खिडकी, आणि ती शेजारच्या झुलालभाऊंच्या बोळात उघडते. झुलालभाऊ कापसाचे दलाल, मूळचे पारोळ्याकडचे. त्यांच्या मुलाचं, भटूचं, लग्न ठरलं, आणि नव्या जोडप्याला आडोसा हवा म्हणून त्यांनी त्या बोळात एक खोली बांधायची काढली. खोलीची भिंत येणार ती बरोबर आमच्या खिडकीच्या तोंडावर. माझी बायको कुंदा दिवसातला निम्मा वेळ चुलीपुढे असते, आणि कपाशीच्या पऱ्हाट्या चुलीत घातल्या की काय धूर होतो हे खानदेशातल्या माणसाला सांगायला नको. तिला खोकला आधीचाच होता. "ती खिडकी गेली तर मी काही फार दिवसांची नाही," असं ती म्हणाली, आणि ती असं सहसा बोलत नाही. मला तिची खरोखर काळजी वाटली. पुढे जे काही झालं ते या काळजीपोटी झालं, हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावं, कारण मधे मी स्वतःच ते विसरलो होतो.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? झुलालभाऊंच्या ओट्यावर जाऊन बसला असता, चहा प्याला असता आणि "भाऊ, भिंत हातभर सरकवा" म्हणाला असता. मीही तेच करणार होतो. पण जाण्याआधी सल्ला घ्यावा म्हणून समोरच्या पितांबरनानांकडे गेलो, आणि तिथे सगळं फिसकटलं. नानांचा त्यांच्या चुलतभावाशी बांधावरून दावा चालू आहे. तो त्यांच्या वडिलांनी लावला होता. त्यामुळे कायद्याचा विषय निघाला की गल्ली नानांकडे बघते.

"बोलायला बिलकूल जायचं नाही," नाना म्हणाले. "बोललास की गोष्ट तोंडी झाली. तोंडी गोष्टीला कोर्टात काय किंमत?"

"पण नाना, कोर्टात जायची वेळच येणार नाही कदाचित."

"म्हणजे तू आधीच कच खाल्लीस," नाना म्हणाले.

नागरिकशास्त्राच्या मास्तराने कच खाल्ली असं गल्लीत होऊन चालणार नव्हतं. नानांच्या ओळखीने मी भाईदास वकिलांकडे गेलो, दावा लागला, भिंतीला मनाई हुकूम मिळाला आणि बोळात आणून रचलेल्या विटा जागच्या जागी राहिल्या. मला वाटलं होतं, आता झुलालभाऊ तोंड फिरवतील. मी त्याची तयारीही केली होती, म्हणजे दोन दिवस मान ताठ ठेवून चालत होतो. पण कोर्टाचा बेलिफ असलम दाव्याचा कागद बजावायला आला, तेव्हा झुलालभाऊंचा चष्मा दुरुस्तीला गेलेला होता. त्यांनी बेलिफाला चहा सांगितला आणि भिंतीवरून मला हाक मारली.

"मास्तर, जरा इकडे या. हाई काय लिखेल शे, वाची दाखाडा."

मग मी माझाच दावा प्रतिवादीला वाचून दाखवला. वाचनाची सवय असल्यामुळे तो चांगलाच वठला. 'प्रतिवादीचे वर्तन उद्दाम व बेकायदा असून' हे वाक्य आलं तेव्हा झुलालभाऊंनी मान डोलावली. "लिखेल चांगलं शे," ते म्हणाले. त्यांच्या बायकोने, शेवंताअक्कांनी, माझ्यापुढे बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, ताटली ठेवली. मी खाल्ले. न खावेत तर काय करावं, ते नागरिकशास्त्रात नाही.

इथवर सारं ठीक चाललं होतं. मग पुरावा आडवा आला.

"बोळ सामाईक आहे आणि खिडकी जुनी आहे, हे कोण म्हणतं? तुम्हीच," भाईदास वकील मला म्हणाले. "तुमच्या म्हणण्याला काय अर्थ आहे? साहेबाच्या वेळच्या मोजणीचा नकाशा असणार. त्यात बोळ सामाईक दाखवलेला असणार. तो मागवू."

"तुम्ही पाहिलाय तो?"

"पाहायचा कशाला? समन्स काढायचं."

मी विचारलं, सही-शिक्क्याची नक्कल मागवली तर नाही का चालणार? वकील हसले. नक्कल काय, कुणीही आणतो, म्हणाले. संध्याकाळी नानाही तेच म्हणाले, "मुलगी बघायला निघाला आहेस आणि फोटो बघून परत येतो म्हणतोस." त्या क्षणी मला अस्सल रेकॉर्डाची जी ओढ लागली, ती नंतर बरेच महिने सुटली नाही.

पहिलं समन्स जळगावच्या कचेरीला काढलं. उत्तर आलं की हा नकाशा इथे नाही. इंग्रजाने १९०६ साली खानदेशचे दोन जिल्हे केले. आमचा पूर्व, धुळ्याचा पश्चिम. त्याआधीचं सगळं दप्तर धुळ्याला, कारण तेव्हा सगळा खानदेश तिथूनच हाकला जाई. मग दुसरं समन्स धुळ्याला काढलं. तिथून विचारणा आली, की नकाशाचा नंबर कळवावा. नंबर कुठे मिळेल असं विचारलं, तर नंबर नकाशावरच लिहिलेला असतो असं कळवण्यात आलं. नकाशा मिळाल्याखेरीज नंबर कळणार नाही आणि नंबर कळवल्याखेरीज नकाशा मिळणार नाही. हा पत्रव्यवहार दोन्ही बाजूंनी अत्यंत सभ्य भाषेत चालला होता. प्रत्येक पत्राखाली 'आपला नम्र' असे. शेवटी मीच धुळ्याला जायचं ठरवलं.

सकाळच्या एस्टीत चढलो तर आत झुलालभाऊ. शेजारची जागा त्यांनी टोपी टाकून धरून ठेवली होती, माझ्यासाठी.

"तुम्ही कुठे निघालात?" मी जरा तुटकपणे विचारलं.

"तुम्हना संगेच. एकला कसाले जाई राहिनात? मन्ही सासरवाडी धुळानीच शे, उतरानी सोय व्हई जाई."

"भाऊ, आपलं कोर्टात भांडण चालू आहे," मी त्यांना आठवण दिली.

"भांडण कोर्टमा शे मास्तर, एस्टीमा नही," ते म्हणाले आणि डबा उघडला.

एरंडोल येईपर्यंत मी ताठ बसून राहिलो. पारोळ्यापर्यंत ठेच्याचा वास आवरला, मग कळण्याची भाकरी घेतली. धुळ्याला उतरलो तो सरळ त्यांच्या मेव्हण्याच्या घरी. तिथे जावयाचा शेजारी म्हणून मला पाटावर बसवलं, टोपी-टॉवेल दिला, कुंदासाठी खण दिला, आणि मी वादी आहे हे कळल्यावर तर आणखी एक पोळी वाढली. विरुद्ध पक्षाच्या सासरची टोपी घालून मी विरुद्ध पक्षाविरुद्ध पुरावा गोळा करायला निघालो. टोपी मापाची होती, हे कबूल केलं पाहिजे.

रेकॉर्डचे कारकून होते तोतारामआबा. देह मोठा, कामाची घाई नाही, अडकित्ता सतत चालू. मी त्यांना नागरिकाचे हक्क समजावून सांगत होतो आणि ते सुपारी कातरत होते. "नंबर?" एवढंच ते मधूनमधून विचारत. शेवटी झुलालभाऊंचा मेव्हणा पुढे सरसावला. तोतारामआबा त्याच्या मामेसासऱ्याचे कुणी लागत होते. "आबा, आम्हना मास्तरले नकाशा पाहिजे. तुम्हीच काही करा."

मग आबांनी मार्ग सांगितला. "नंबर नसला तर समन्सात लिहा, 'जळगाव गावठाणाचं जे काही असेल ते'. मग मी काय ते बघतो." इतके महिने अडलेला पुरावा असा प्रतिवादीच्या मेव्हण्याच्या वशिल्याने मोकळा झाला. परतीच्या एस्टीत मी झुलालभाऊंना विचारलं, "नकाशा माझ्या बाजूने निघाला तर?"

"निघो," ते म्हणाले. "मंग मी दुसरं काही करसू." आणि झोपी गेले.

तारखेच्या आदल्या दिवशी तोतारामआबा आले. बरोबर पत्र्याचं लांबलचक नळकांडं, तोंडाला लाखेचा शिक्का. त्यात माझा नकाशा होता. आबा त्याला खांद्यावर टाकून स्टेशनापासून चालत आले, आणि गल्लीतली पोरंटोरं तोफ आली म्हणून मागे लागली. हे नळकांडं ठेवायचं कुठे, हा प्रश्न निघाला. कोर्टाचा नाझर म्हणाला, हुकमाशिवाय ठेवून घेत नाही. धर्मशाळेत सरकारी अस्सल कागद ठेवता येत नाही. राहता राहिलं समन्स काढणाऱ्याचं घर.

आबा हातपाय धुऊन पाटावर बसले, तेव्हाच मी त्यांना बजावलं. "आबा, तुम्ही साक्षीदार, मी वादी. या छताखाली दाव्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. तुम्हीही नाही आणि मीही नाही." माझा आवाज बहुधा वर्गातला लागला असावा, कारण कुंदा आतून डोकावली.

"बरं," आबा म्हणाले आणि वरण मागितलं. दिवाणी दाव्याच्या साक्षीदाराला कुंदाने त्या दिवशी आमच्याकडचं झणझणीत फौजदारी वरण केलं होतं. त्यांनी ते दोनदा घेतलं.

तेव्हापासून आबा मुक्कामाला असले की तो नकाशा माझ्या बाहेरच्या खोलीत असे. आबा दुपारी त्या नळकांड्यावर मान टेकून लोळत, सकाळी त्यावर ओला पंचा वाळत घालत. माझ्या दाव्याचा निकाल माझ्याच घरात हाताच्या अंतरावर होता आणि मला तो पाहायची बंदी होती. "बघा की हळूच उघडून," कुंदा म्हणाली. "एकदा कळलं की सुटलो." मी तिला लाखेच्या शिक्क्याचं पावित्र्य समजावून सांगितलं. ती उठून भाकऱ्या थापायला गेली.

कोर्टात त्या पहिल्या तारखेला जज्जसाहेब रजेवर निघाले. पुढच्या तारखेला झुलालभाऊंचे वकील भाचीला दाखवायला गेले होते. त्याच्या पुढच्या तारखेला नळकांडं आलं, पण ते उघडण्याचा परवाना धुळ्यालाच राहिला. त्याच्याही पुढच्या तारखेला आबा परवाना घेऊन आले आणि नळकांडं राहिलं. दर वेळी भत्ता मी भरायचा आणि दर वेळी आबा आमच्याकडे उतरायचे. आबांना आमचं पाणी मानवलं होतं. त्यांचा सदरा पोटावर बसेनासा झाला तेव्हा त्यांनी कुंदालाच बटणं सरकवून लावायला सांगितलं.

मग झुलालभाऊंनी हरकत घेतली. मला वाटलं, आता वादी पुराव्याशी खेळ करतो म्हणून अर्ज येणार. पण ते अंगणात उभं राहून म्हणाले, "मास्तर, समन तुम्ही काढं म्हनीसन पाहुना तुम्हनाच का? गल्लीमा उना तो बठ्ठा गल्लीना पाहुना. आज आबा आम्हनाकडे जेवतीन."

मी तत्त्वाचा मुद्दा काढला. साक्षीदाराने प्रतिवादीच्या घरी जेवणं बरं दिसत नाही. नानांना विचारलं, तर त्यांनी तोडगा काढला, की एका घरी जेवावं आणि दुसऱ्या घरी झोपावं, म्हणजे साक्षीदार कुणाकडेच झुकणार नाही. झालं, चढाओढ लागली. आमच्याकडे यावलकडच्या वांग्यांचं भरीत झालं की त्यांच्याकडे खापरावरचे मांडे. त्यांच्याकडे मांडे झाले की आमच्याकडे आमरस. आबा कोणत्याही बाजूला झुकले नाहीत. दोन्हीकडे सारखेच जेवले.

या सगळ्यात एक गोष्ट मी पाहिली, पण तिचा विचार केला नाही. आबा त्यांच्याकडे जेवत असले की त्यांना कुंदाच्या हातचा ठेचा हवा असे, आणि आमच्याकडे असले की शेवंताअक्कांचं लोणचं. ती देवघेव त्याच खिडकीतून चाले. "कुंदाबाई, वाटी ल्या वं," अशी हाक आली की कुंदा चुलीपुढून हात लांब करी. त्या खिडकीवरून आम्ही दोघे पुरुष जिल्हाभर वणवण फिरत होतो आणि बायका तिच्यातून वाट्या देत होत्या. कुंदाचा खोकला तेवढ्यापुरता थांबलेलाही असे. पण मला तेव्हा अस्सल रेकॉर्डाशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

शेवटी एकदाचं सगळं जमून आलं. जज्ज, दोन्ही वकील, परवाना, नळकांडं आणि आबा एकाच दिवशी एकाच खोलीत हजर झाले. जज्जसाहेबांनी आधी विचारलं, "याची नक्कल का नाही काढली? दोन महिन्यांत काम झालं असतं." भाईदास वकील कोर्टाबाहेरच्या निंबाकडे बघत राहिले.

शिक्का फोडला. नकाशा इतका मोठा निघाला की तो टेबलावर मावेना. एक कोपरा मी धरला, एक झुलालभाऊंनी, एक आबांनी आणि एक पट्टेवाल्याने. जज्जसाहेब वाकून बघू लागले. "वादी, तुमचं घर दाखवा."

नकाशावर ठिकाण दाखवणं हा माझा हातखंडा. मी मोकळ्या हाताने मारुतीच्या देवळापासून बोट सरकवत आणलं, विहिरीवरून वळवलं, आणि माझं घर असायला हवं तिथे टेकवलं. तिथे घर नव्हतं. बोळही नव्हता. झुलालभाऊंचं घर नव्हतं, नानांचं नव्हतं, आमची गल्लीच नव्हती. तिथे हिरवा रंग भरलेला होता, दोन बाभळी काढलेल्या होत्या आणि सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'सरकारी जागा, कोंडवाडा'.

मागच्या बाकावर सरकारी वकील आपल्या दाव्याची वाट बघत डुलक्या काढत होते. 'सरकारी जागा' हे शब्द कानावर पडताच ते जागे झाले आणि उठून उभे राहिले. पुढचं काम भराभर झालं आणि हुकूम निघाला. सरकारला या दाव्यात पक्षकार करून घ्यावं, सबंध गल्लीच्या हक्काची चौकशी व्हावी, आणि तोवर सर्व काही जैसे थे ठेवावं. सध्या काय आहे याचा बेलिफाने जागेवर जाऊन पंचनामा करावा.

बाहेर पडल्यावर मी तोतारामआबांना गाठलं. "आबा, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"नळकांड्यात घालताना बघितलं होतं."

"मग बोलला का नाहीत? इतक्या वेळा माझ्या घरी राहिलात."

"तुम्हीच म्हणालात, या छताखाली दाव्याबद्दल अक्षर बोलायचं नाही," आबा म्हणाले. "मला पटलं ते. चांगला नियम आहे." त्यांनी नळकांडं खांद्यावर घेतलं आणि धुळ्याची गाडी गाठली. जाताना कुंदाला नमस्कार सांगायला विसरले नाहीत.

गल्लीत ही बातमी माझ्याआधी पोचली होती. ज्यांनी ज्यांनी मला सल्ला दिला होता ते सगळे दारात उभे होते, आणि प्रत्येकाच्या हातात सरकारी नोटीस येणार हे प्रत्येकाला कळलं होतं. नाना तर ओट्यावरून खाली उतरून आले. "अरे, मी तुला रेकॉर्ड मागवायला सांगितलं होतं," ते म्हणाले, "उघडायला कुणी सांगितलं होतं?" मी आयुष्यात इतका एकटा पडलो नव्हतो. माझ्या बाजूने बोलले ते एकटे झुलालभाऊ. "मास्तरना काय दोष? कोंडवाडा त्यासनी थोडाच बांधा," ते म्हणाले, आणि मला घरापर्यंत पोचवलं.

पंचनाम्याला असलम बेलिफ आला तो ऐन वैशाखात, भर दुपारी. आमच्याकडची वैशाखातली दुपार म्हणजे रस्त्यावर कुत्रंही नसतं. झळा आत येऊ नयेत म्हणून सकाळी दहाच्या सुमारास जळगावातली एकूण एक खिडकी बंद होते, फरशीवर पाणी शिंपडलं जातं, आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावरच कवाडं उघडतात. शाळेला सुटी होती. मी ओल्या फरशीवर पडलो होतो. असलम घामाने निथळत आला, त्याला माठातलं पाणी दिलं, सरबत दिलं. कोर्टाचा माणूस आपल्या घरी लिहायला बसला याचा मला अजूनही अभिमान वाटतच होता. तो लिहीत होता आणि मी खांद्यावरून वाचत होतो. बोळात विटांची रास. एक चूल. पुढे त्याने लिहिलं, 'खिडकी लावेल आहे.'

"असलम, असं लिहितात का कोर्टाच्या कागदात?" मी म्हणालो. "लिही, 'सदर खिडकी पूर्णपणे बंद स्थितीत आढळून आली.'"

"वा मास्तर," असलम म्हणाला, आणि तसं लिहिलं. खाली मी पल्लेदार सही केली.

ऊन उतरल्यावर कुंदाने नेहमीसारखी खिडकी उघडली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. जैसे थे म्हणजे पंचनाम्यात आहे तसं, आणि पंचनाम्यात खिडकी बंद. आता दुसऱ्या कुणी गप्प बसून रोज खिडकी उघडली असती आणि कुणाला पत्ताही लागला नसता. पण मी नागरिकशास्त्राचा मास्तर. कोर्टाचा अवमान नको म्हणून मी भाईदास वकिलांमार्फत खुलाशाचा अर्ज केला. खुलासा आला. पंचनाम्यातली स्थिती निकालापर्यंत कायम ठेवावी, आणि शंका राहू नये म्हणून खिडकीला कोर्टाचा शिक्का लावावा. असलम लाख घेऊन आला. काम करताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

त्या संध्याकाळी चूल पेटली आणि धूर जायला वाट नव्हती. कुंदा खोकत खोकत बाहेर आली, ओट्यावर बसली आणि पदराने डोळे पुसत राहिली. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. तिची एक खिडकी होती, तिच्यासाठी मी दोन जिल्हे पालथे घातले, आणि झुलालभाऊंच्या भिंतीला जे जमलं नाही ते मी सही करून दिलं. मला फार वाईट वाटलं, आणि ते मी तिला सांगितलं. "राहू द्या," ती म्हणाली. "तुमची भाषा मात्र चांगली होती."

तेवढ्यात आणखी एक गोष्ट घडली. भटूला चाळीसगावच्या गिरणीत नोकरी लागली, त्याचं लग्न झालं आणि तो बायकोला घेऊन तिकडेच राहायला गेला. खोलीची गरजच उरली नाही. झुलालभाऊ माझ्याकडे आले. "मास्तर, मले आते भिंत नही पाहिजे. दावा काढी ल्या." मी आनंदाने त्यांच्याबरोबर वकिलांकडे गेलो. दोन्ही पक्ष हातात हात घालून आले म्हणून भाईदास वकील जरा नाराज दिसले. "तुम्ही दोघं तडजोड करा की," ते म्हणाले, "पण आता सरकारही पक्षकार आहे. सरकारची संमती आणा." संमती कुठे मागायची? जागेचं मूळ दप्तर ज्या कचेरीत आहे तिथे. म्हणजे धुळ्याला. नकाशा इथे असताना त्यावरचा नंबर टिपून घ्यायचं राहिलं होतं, आणि आता तो घेऊन नकाशा परत गेला होता.

यातून वाट काढली ती शेवंताअक्कांनी. त्यांनी कुणालाही सल्ला विचारला नाही. एका सकाळी त्या आमच्या स्वयंपाकघरात आल्या, कुंदाची हालती चूल उचलली आणि बोळात नेऊन विटांच्या राशीशेजारी ठेवली. "आठे मोकळं शे. आठे रांधत जा, मी बी शे जोडीले," त्या म्हणाल्या. पंचनाम्यात 'एक चूल' एवढंच लिहिलंय, ती कुठे असावी हे लिहिलेलं नाही, असं मी मनाशी ठरवलं आणि या वेळी खुलाशाचा अर्ज केला नाही.

तेव्हापासून दोन्ही घरांचा स्वयंपाक त्या बोळात होतो. वर आभाळ मोकळं, त्यामुळे धूर डोळ्यांत जात नाही. कुंदाचा खोकला पार गेला. तब्येतही सुधारली. दावा चालूच आहे, सरकार तारखांना येत नाही, आणि स्वयंपाकघर रिकामं पडल्यामुळे मी माझी बैठक तिथे हलवली आहे. आत अंधार असतो, भर दिवसा कंदील लावून पेपर तपासावे लागतात. खिडकीपलीकडे भाकरीवर हात पडल्याचा आवाज येतो, वांगी भाजल्याचा वास येतो, आणि मग दोघी काहीतरी बोलून पोट धरून हसतात. कधी कधी झुलालभाऊही हसतात.

"काय झालं?" मी आतून विचारतो. त्यांच्या हसण्यात बंद कवाडामागचा माझा आवाज त्यांना ऐकू जात नाही. कशाला हसतात ते बघायचं तर खिडकी उघडली पाहिजे, आणि ती उघडू का म्हणून अर्ज करणारा या सबंध गल्लीत मी एकटाच होतो.